घोड्यावर एकशे आठ तास

४ मे, शनिवार

आधी सॉरी. माझं शुद्धलेखन वाईट आहे आणि टायपिंग त्याहून स्लो. दोन बोटांनी टाइप करतो. आईच्या जुन्या लॅपटॉपचं एक बटण दाबलं की अक्षर तीनदा उमटतं, मग दोनदा खोडायचं. हे कुणी वाचणार नाहीये, तरी सॉरी. सवय आहे.

मुद्दा असा की मला मिस्टर टीगना फोन करायचाय. ते केरनबी डाउन्सचे मॅनेजर. तिथे नऊ हजार गुरं आणि अकरा माणसं. ३ जूनला मस्टर सुरू होतं, म्हणजे रानात पांगलेली सगळी गुरं हुडकून कुंपणात आणायची. सात आठवड्यांचं काम. नवीन पोरांनी ३१ मेपर्यंत फोन करायचा आणि तो स्वतः करायचा. ज्याच्या आईनं फोन केला तो पोरगा कामाचा नाही, असं इकडे सगळे धरूनच चालतात.

नाही केला तर लांब किनाऱ्यावरच्या मकाय शहरात, रसेल मामाकडे. त्याच्या सुपरमार्केटात गल्ल्यावर. तिथे प्रत्येक गिऱ्हाइकाला कसे आहात म्हणून विचारायचं, ते सांगतात ते ऐकायचं, मग त्यांनी उलट विचारलं की आपणही सांगायचं. मामा म्हणतो, दिवसाला तीनशे माणसं. मी शाळा सोडली ती वर्गासमोर पाच मिनिटं बोलायचं होतं म्हणून. विषय लोकर होता. पाच मिनिटांतली दोन मी उभा होतो.

गुरं काही विचारत नाहीत. म्हणून केरनबी.

आणि मी तयारी पण सुरू केलीय. बाबांनी सतराव्या वाढदिवसाला गेम दिला, ड्राय क्रॉसिंग. बाबा खाणीवर असतात, तीन आठवडे तिकडे, एक आठवडा इकडे. गेम काउबॉयचा आहे. माझा माणूस अमोस, त्याचा घोडा बिस्किट. काल सहा तास घोड्यावर होतो. फोन केला की मिस्टर टीग विचारतील, अनुभव काय? सांगता येईल.

सोमवारी सकाळी नऊला फोन. ठरलं.

६ मे, सोमवार

सोमवारी माणसं कामात असतात. सोमवारी फोन करणाऱ्याला अक्कल नाही असं वाटेल. बुधवारी.

गेमबद्दल लिहून ठेवतो. लोक म्हणतात फार स्लो आहे. आहेच. या गावाहून त्या गावाला घोड्यावर जायला खरीखुरी वीस मिनिटं लागतात, आणि वाटेत काही होत नाही. कधी ससा. कधी नदीपलीकडे पाऊस दिसतो, तो आपल्यापर्यंत येतच नाही. कपाट उघडलं की आतली वस्तू एकेक हातानं उचलावी लागते. हरणाचं कातडं काढायला पंधरा सेकंद, दर वेळी तीच पंधरा सेकंद. घोडा रोज घासला नाही तर रुसतो.

पण कुणी घाई करत नाही. नकाशावर पिवळी खूण असते, तिथे गेलं की गोष्ट पुढे सरकते. नाही गेलं तर खूण तिथेच थांबते. मी आज चार तास मासे धरले. खूण थांबली होती.

८ मे, बुधवार

रेंज नव्हती. म्हणजे असेल, बघितली नाही.

९ मे, गुरुवार

टॅमसिन मागे उभी राहून बघत होती. टॅमसिन म्हणजे बहीण, अकरा वर्षांची, समोर येईल त्याच्याशी बोलते. म्हणाली, हा माणूस मगापासून काय करतोय? म्हटलं, कॉफी उकळतोय. का? म्हटलं, सकाळ झालीय त्याची. म्हणाली, तुझी दुपार झालीय, आईनं कपडे वाळत घालायला सांगितलेत.

मग म्हणाली, तुला माहितीये ना केरनबीला घोडे नाहीत? सगळे मोटरबाइकवर असतात आणि वरून हेलिकॉप्टर. म्हटलं, मूळ तंत्र घोड्याचंच. म्हणाली, घोड्याला क्लच कुठे असतो रे?

तिला काही कळत नाही. मोटरबाइक मला आठव्या वर्षापासून येते. प्रश्न गुरांची मनःस्थिती ओळखण्याचा आहे. ती घोड्यावरूनच कळते.

आतापर्यंत एकवीस तास.

१२ मे, रविवार

आज कळलं की गेम मला फोनसाठीच उपयोगी आहे. त्यात नमस्काराचं बटण आहे. डावीकडचं. समोरून कुणी आलं की ते धरायचं, अमोस हॅट जरा उचलतो आणि मॉर्निंग म्हणतो, आणि समोरचा पण म्हणतो. आजवर दोनशे बारा लोकांना नमस्कार केला. अनोळखी लोकांना. एका बाईला तर तीनदा.

तोटाही लिहितो, खोटं कशाला. तेच बटण जरा जोरात दाबलं की अमोस पिस्तूल काढतो. काल पाद्र्याला मॉर्निंग म्हणायला गेलो आणि त्याच्यावर पिस्तूल रोखलं. पाद्री पळाला, गावानं घंटा वाजवली, शेरीफ आला. त्याला समजावून सांगायला गेलो, त्याच्यावरही रोखलं. आता त्या गावात जाता येत नाही. तिथल्या दुकानात बिस्किटची औषधं होती.

तरी सराव होतोय. उद्या फोन.

१३ मे

सोमवार होता, विसरलो होतो.

१४ मे, मंगळवार. दुपार

वाईट झालं.

आई रोडहाऊसवर काउंटरला असते, डॉटच्या. बावीस किलोमीटर. ट्रक डिझेल भरतात, ड्रायव्हर खिम्याची पाई खातात, आई दिवसभर बोलते. आज चष्मा घरी विसरली. तो द्यायला मी पिकअप काढला, टॅमसिन शेजारी.

समोरून पांढरा पिकअप आला. आमचा रस्ता एका गाडीपुरताच डांबरी आहे, दुसरी आली की दोघांनी एकेक बाजू मातीत उतरवायची. ती मी उतरवली. आणि मग स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. इकडे सगळे उचलतात. पाळण्यातलं पोरसुद्धा उचलेल. मी विचार करत होतो की कधी उचलायचं. लवकर उचललं तर किती वेळ धरून ठेवायचं? उशिरा उचललं तर समोरच्याचं बघून केलं असं वाटणार. हिशोब चालू होता तेवढ्यात माझ्या डाव्या अंगठ्यानं स्टिअरिंग दाबून धरलं आणि मी वाट बघत बसलो, अमोस मॉर्निंग म्हणेल म्हणून.

गाडी गेली.

टॅमसिननं मागे वळून बघितलं. म्हणाली, ते मिस्टर टीग होते. त्यांनी दोन बोटं उचलली, रीस. दोन कुणाला मिळत नाहीत.

१५ मे, बुधवार

आई बातमी घेऊन आली. टीग डिझेल भरायला थांबले होते. डॉटला म्हणाले, लॉरेनचा पोरगा हल्ली राज्यपाल झालाय का? लॉरेन म्हणजे आई. डॉटनं ते आईला सांगितलं, समोर ट्रकवाल्यांची रांग असताना.

आई म्हणाली, बोट उचलायला काय जड होतं रे? म्हटलं, लक्षात नाही आलं. म्हणाली, बावीस किलोमीटरमध्ये एक गाडी येते आणि ती तुझ्या लक्षात येत नाही. मग म्हणाली, फोन कर वॉरिकला, सरळ सांग, चुकलं म्हणून. त्यात काय, तो काय खातो का. आणि मिस्टर टीग, मिस्टर टीग काय लावलंयस, इकडे त्याला सगळे वॉरिक म्हणतात.

म्हणजे आता फोनमध्ये दोन गोष्टी. आधी माफी, मग नोकरी. एकच होती तेव्हा जमत नव्हतं.

१७ मे, शुक्रवार

नवा प्लॅन. फोनच्या आधी रस्त्यावर भेट. एकदा नीट नमस्कार झाला की माफी आपोआप वजा होते, फोनमध्ये पुन्हा एकच गोष्ट उरते. टीग सोमवारी सकाळी गुरांचा ट्रक घेऊन जातात, दहाच्या सुमारास आमच्या फाट्यावरून.

सराव केला. पिकअपमधून फाट्यापर्यंत जाऊन येऊन चौदा किलोमीटर. पाट्यांना बोट उचललं, एका इमूला उचललं. इमूला नीट जमलं. अंगठा आवरायचा हेच मुख्य.

गेम चार तास. त्याला सराव म्हणणार नाही. पण आहे.

२० मे, सोमवार. दुपारी एक

सगळं लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

ठरवलं होतं की या वेळी नमस्कार लांबूनच दिसला पाहिजे. एक बोट त्यांना ट्रकच्या उंचीवरून दिसणार नाही. म्हणून मी खिडकीतून सबंध हात बाहेर काढला आणि वर खाली हलवला. तीनदा. दुसऱ्या हातानं हॅट काढली, अमोससारखी.

आमच्याकडे खिडकीतून हात हलवला की त्याचा अर्थ थांबा, पुढे काहीतरी झालंय. आग, अपघात, काहीही. हे मला माहितीये. सगळ्यांना माहितीये. त्या क्षणी नव्हतं.

तीन डब्यांचा ट्रक. थांबायला अर्धा किलोमीटर लागला. गुरं एकमेकांवर आदळून ओरडत होती, धूळ इतकी की मला माझंच बॉनेट दिसेना. टीगनी रेडिओवर सांगितलं असणार, कारण मागून पोस्टाची व्हॅन आली ती पण थांबली, आणि एक म्हातारं जोडपं कॅरॅव्हॅन घेऊन चाललं होतं, ते पण.

टीग आग विझवायचं सिलिंडर घेऊन पळत आले. साठीचे आहेत. म्हणाले, काय झालं पोरा, पुढे काय आहे?

मी थांबलो. गेममध्ये अशा वेळी खाली तीन पर्याय येतात. शांतपणे बोला, धमकी द्या, निघून जा. मी खरंच खाली बघितलं. टीगचे बूट होते.

पुन्हा म्हणाले, काय आहे पुढे?

मी म्हणालो, बैल.

बैल नव्हता. कुठलाच नव्हता.

म्हणाले, रस्त्यावर? मी मान हलवली. कुठे? मी हात केला. कानातला टॅग कुठल्या रंगाचा? म्हटलं, पिवळा. का म्हटलं माहीत नाही. दोन आठवडे पिवळ्या खुणा बघतोय, तोच रंग तोंडात बसलाय.

त्यांचा चेहरा बदलला. पिवळे टॅग केरनबीचे. म्हणजे त्यांचं कुंपण कुठेतरी तुटलंय.

चौघांनी चाळीस मिनिटं बैल शोधला. मी पण शोधला. पोस्टाच्या बाईला एका ठिकाणी शेण दिसलं, ताजं आहे म्हणाली. म्हाताऱ्यानं फोटो काढले. शेवटी टीगनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, बरं केलंस थांबवलंस, एखाद्याची गाडी धडकली असती. परवाचं सोड, असतं कधी डोकं दुसरीकडे. फोन कर मला, बोलू.

त्याच दिवशी संध्याकाळी पाच

शांतपणे विचार केला तर एकूणात इम्प्रेशन चांगलंच पडलंय.

२१ मे, मंगळवार

आई म्हणाली, केरनबीची दोन माणसं सकाळपासून बाइकवर कुंपण बघत फिरतायत, तुझ्या बैलामुळे. हेलिकॉप्टरही दोन तास वर होतं. डॉट म्हणते, रीसनं मोठा अपघात टाळला. तिनं तुझ्यासाठी फुकट पाई दिलीय, घे.

पाई खाल्ली. अर्धी.

आता फोनमध्ये परत दोन गोष्टी. नोकरी, आणि बैल नव्हता हे. उद्या सांगतो. जितकं लवकर तितकं बरं, हे मला कळतं. उद्या नऊला.

२२ मे

९:०० बसलो.
९:२० उठलो.

२३ मे, गुरुवार

बिस्किट मेला.

कड्यावरून उडी मारायला सांगितली मीच, पलीकडची वाट जवळची वाटली म्हणून. या गेममध्ये घोडा मेला की मेला. परत येत नाही. सेव्ह आधीच झालं होतं. अमोस त्याच्याजवळ गुडघ्यावर बसला आणि खोगीर काढून खांद्यावर घेतलं. खोगीर जड असतं, चालतच जावं लागतं. मी चाललो. गावापर्यंत खरा पाऊण तास. वाटेत लोक मॉर्निंग म्हणाले. मी बटण दाबलं नाही.

अठ्ठ्याहत्तर तास होता तो माझ्याबरोबर. रोज घासायचो. गाजर दिलं की मान हलवायचा, आणि मला माहितीये की कुणीतरी ऑफिसात बसून ते तसं बनवलंय. तरी.

आईनं विचारलं, डोळे का लाल? म्हटलं, बिस्किट गेला. म्हणाली, कोण गेलं? सांगितलं. मग म्हणाली, फोन केलास का?

अशा दिवशी फोन कसा करणार.

२४ ते २६ मे

दुखवटा. मासे धरले.

२७ मे, सोमवार

टॅमसिन म्हणाली, चार दिवस उरले. म्हटलं, मला मोजता येतं. म्हणाली, मी लावून देऊ का नंबर? नुसता लावून. तू बोल. म्हटलं, बहिणीनं लावला असं कळलं तर संपलं. म्हणाली, फोनला कसं कळणार कुणाचं बोट होतं?

मी खोलीत गेलो. ती दाराबाहेरून म्हणाली, तू मकायला गेलास ना, तर मला इथे कुणी नाही. नेहमीच्याच आवाजात म्हणाली. मग गेली.

नवीन घोडा घेतला. त्याला नाव दिलं नाही.

२८ मे, मंगळवार

आज खेळताना एक लक्षात आलं, ते लिहून ठेवतो. नव्वद तास झाले आणि गोष्ट नऊ टक्के पुढे गेलीय. पुढची पिवळी खूण अजून आहे तिथेच आहे. तिथे एक म्हातारा कुंपणावर बसलाय, त्याला माझ्याशी काहीतरी बोलायचंय. महिनाभर तसाच बसलाय, ऊन, पाऊस, रात्र. मी समोरून गेलो तर हात करतो, रागावत नाही.

मला वाटायचं हे गेममधलं सगळ्यात चांगलं. आज वाटलं, याच्यानंच माझी वाट लावलीय. ३१ मे कुंपणावर बसून राहत नाही.

हे लिहिल्यावर बरं वाटलं. म्हणून परत दोन तास खेळलो.

२९ मे, बुधवार

भाषण लिहिलं. पाठ करणार. असं:

नमस्कार मिस्टर टीग, मी रीस बोलतोय, लॉरेनचा. चौदा तारखेला मी बोट उचललं नाही, त्याबद्दल माफ करा, मी विचार करत होतो. वीस तारखेला मी तुम्हाला नमस्कार करत होतो. बैल नव्हता. पिवळा टॅगही नव्हता. तुमच्या माणसांचा दिवस गेला, तो मी भरून देईन, लागेल तितके दिवस फुकट काम करीन. मला मस्टरला यायचंय. मला बाइक येते. घोड्याचं थोडं येतं. थँक यू.

बत्तीस सेकंद. बाथरूममध्ये वीस वेळा म्हटलं. टॅमसिन म्हणाली, घोड्याचं काढून टाक. काढलं नाही.

३० मे, गुरुवार

नंबर लावला. एक रिंग झाली. ठेवला.

पण लावला होता.

आई उद्या दातांसाठी लाँगरीचला जाणार आहे, सकाळी लवकर. बरंच झालं. घरात कुणी नको.

३१ मे, शुक्रवार. १०:३५

केला.

टॅमसिन शाळेत, आई दाताला. दहा वाजून दहा मिनिटांनी केरनबीच्या घरच्या फोनवर लावला, कारण मोबाइल तिकडे लागत नाही. तीन रिंगा. उचलला. मी समोरच्याला हॅलो म्हणायलाच दिलं नाही. डोळे मिटले आणि सुरू केलं.

आणि लिहून ठेवतो की मी एकदाही अडकलो नाही. जन्मात पहिल्यांदा. आवाज सरळ. बोट, माफी, बैल नव्हता, टॅग नव्हता, सगळं. घोड्याचं पण. थँक यू म्हणून थांबलो.

तिकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

मग आईचा आवाज. रीस, मी आहे रे.

मी म्हटलं, आई?

म्हणाली, हो. आणि फोन स्पीकरवर आहे बाळा, माझे हात पिठात होते. सगळे चहाला बसलेत इथे.

मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. कुणाला तरी ठसका लागला. मग टीगचा आवाज, लांबून, टेबलाच्या पलीकडून आल्यासारखा. म्हणाले, बैल नव्हता तर मग त्या पोस्टाच्या बाईला शेण कुणाचं दिसलं रे?

मी फोन ठेवला.

आई तिथे का होती ते मला माहीत नाही. दात तिथे नसतात.

त्याच दिवशी, चार वाजता

आई आली. डब्यात केक होता, तो टेबलावर ठेवला आणि माझ्यासमोर बसली.

तिनं सांगितलं ते असं. केरनबीच्या स्वैपाक्याचा गुडघा गेला. मस्टरला अकरा माणसांना तीन वेळ खायला घालणारं कुणी नाही. डॉटकडून तिला कळलं. तिनं मला सांगितलं नाही, कारण आईनं तिथे काम मागितलं असं झालं तर माझा फोन बाद होईल म्हणून. आज मिस्टर टीगनी तिला फक्त बघायला बोलावलं होतं, पाव कसा करते ते.

तिचं काम झालं. सोमवारपासून सात आठवडे, तिथेच राहायचं. टॅमसिनची सोय लावलीय, बाबा सुट्टी बदलून घेतायत.

मी विचारलं, माझं?

आई म्हणाली, वॉरिक रागावला नाही. बैल नव्हता हे त्याला बावीस तारखेलाच कळलं, कुंपण सगळीकडे धड होतं. तो तेव्हापासून तुझ्या फोनची वाट बघत होता. म्हणाला, पोरानं दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तर मी पोट धरून हसलो असतो आणि घेतला असता.

मग तिनं केकचा एक कोपरा हातानं सारखा केला. म्हणाली, तिथे दिवसभर रेडिओवर बोलावं लागतं रे. वरून पायलट विचारतो, त्या झाडीत गुरं आहेत का, किती आहेत. खालचा पोरगा सांगेल त्यावर तो हेलिकॉप्टर झाडांच्या शेंड्यापर्यंत खाली आणतो. वॉरिक म्हणाला, न बोलणारा मी शिकवून घेतो. नसलेला बैल सांगून अकरा दिवस गप्प बसणारा मी रेडिओवर नाही बसवू शकत. पुढच्या वर्षी बघू म्हणाला.

मी म्हटलं, मी सांगितलं ना आज.

म्हणाली, हो. फार छान सांगितलंस. मी हे त्यालाही म्हटलं.

अकरा दिवस. त्यातले चार मी बिस्किटसाठी घातले.

मग आई म्हणाली, रसेल मामाला मी नको कळवलंय. मी बरं म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणाली, डॉटला माझ्या जागी सात आठवडे कुणीतरी हवंय काउंटरला. तिला म्हटलं, रीसला विचारते. तर विचारतेय. जमणार नसेल तर आत्ता सांग, नाही म्हण.

मला नाही म्हणायचं होतं. खरंच म्हणायचं होतं. नाही एवढंच.

आईनं जरा वाट बघितली. मग उठली आणि डॉटला फोन लावला.

१ जून

गेमचे एकशे आठ तास झाले. आज अमोस दुकानात गेला, दारूगोळा घ्यायला. दुकानदार काउंटरमागे उभा होता. त्याच्याकडे मी पहिल्यांदाच नीट बघितलं. दुकान रात्री बंद होतं तरी तो उभाच असतो. कुणी पिस्तूल रोखलं तरी हात वर करून तेच विचारतो, काय देऊ.

बंद केला.

४ जून, मंगळवार

काल पहिला दिवस. त्रेसष्ट माणसं. डॉट म्हणते, सध्या मंदी आहे.

सगळे आधी विचारतात, कसा आहेस. सगळे. डिझेल भरून आलेला पण, नुसता संडासची किल्ली मागायला आलेला पण. निम्मे पुढे म्हणतात, तूच का तो बैलवाला, आणि थांबतात, हसायला तयार असतात. मी कार्डाचं मशीन पुढे करतो.

साडेअकराला एक ट्रकवाला आला, भला मोठा, पण आवाज मऊ. म्हणाला, कसा आहेस दोस्ता? मी म्हणालो, पाई संपल्या.

संपल्या नव्हत्या. त्याच्या समोर काचेच्या गरम कपाटात अठरा होत्या. त्यानं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, बरं. चिप्स घेऊन गेला. त्याच्या मागच्यानं ऐकलं होतं, म्हणून मला त्यालाही तेच सांगावं लागलं. मग त्याच्या मागच्याला. दीड वाजेपर्यंत एकही पाई विकली नाही. डॉट मागून आली, कपाट उघडलं, मोजल्या. म्हणाली, रीस, या काय आहेत? म्हटलं, राखून ठेवल्यात. म्हणाली, कुणासाठी? म्हटलं, केरनबीनं मागवल्यात.

तिनं केरनबीला फोन लावला. आईनं उचलला.

आज रात्री आईला फोन करून सगळं नीट सांगणार आहे. भाषण लिहायला घेतलंय.